पहिली वस्तू मफलर नको: लोकरीच्या दुकानातून नवशिक्यांसाठी

दिवाळी संपली, की आमच्या दुकानात मफलरवाल्या मुली येतात. "काकू, शिकायचंय. सोपं म्हणून मफलरच करते." लोकरीच्या चार गुंड्या, सुयांची एक जोडी, मोबाइलमध्ये सेव्ह केलेला एक व्हिडिओ, आणि स्वारी निघते. फेब्रुवारीत तीच मुलगी परत येते. पिशवीत वीतभर विणलेलं काहीतरी असतं, कडा नागमोडी, घातलेल्या ४० टाक्यांचे ५३ झालेले. "मला नाही जमत हे, काकू."

तिला जमत असतं. वस्तू चुकीची निवडलेली असते. दीड मीटरचा मफलर म्हणजे सेंटिमीटरला तीन ओळी धरल्या तरी ४५० ओळी, ४० टाक्यांनी १८,००० टाके, आणि सगळे एकसारखे. बाळाच्या टोपीला ३,००० सुद्धा लागत नाहीत. तेवढ्यात बॉर्डर येते, उलट-सुलट येतं, टाके कमी करणं येतं, शिवण येते, आणि चार संध्याकाळींत एक वस्तू हातात पडते. म्हणून माझ्याकडे कोणी "काय करू?" विचारलं, तर मी मफलरच्या गुंड्या हळूच मागे सरकवते. मालकांना हे फार आवडत नाही, कारण मफलरला २०० ग्रॅम खपते आणि टोपीला ५०.

मी पुण्यात लोकरीच्या दुकानात काउंटरवर बसते. निम्मं काम विकण्याचं, उरलेलं भिंतीवर टांगायचे नमुने विणण्याचं. या पावसाळ्यात माझ्या सुयांवरून उतरलेल्या वस्तू अशा: सुती दोऱ्याचे तीन चौकोनी रुमाल, बाळाच्या पाच टोप्या (त्यातल्या दोन खपल्या, एक मी भाचीच्या मुलाला दिली), मोज्यांचे दोन जोड. सध्या सुयांवर एक कुंची आहे. ती झाली की सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, हाफ स्वेटर. खाली जो क्रम सांगते आहे तो साधारण याच वस्तूंचा आहे, कारण प्रत्येक वस्तू तिच्या आधीच्या वस्तूपेक्षा थोडं जास्त शिकवते.

आधी खरेदी

सुया घेताना नंबर बघा. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नेमकं उलट, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथली ८ नंबर चक्क ५ मिलिमीटरची असते. आमच्याकडे येणाऱ्या एका काकूंना न्यू जर्सीहून सुनेने टोपीचा पॅटर्न पाठवला होता. त्यात ८ नंबर लिहिलेलं, काकूंनी घरातल्या ८ नंबरवर विणली, आणि टोपी नातवाऐवजी बाहुलीला बसली. तेव्हा पॅटर्न परदेशी असेल तर नंबर सोडा, मिलिमीटर वाचा. जुन्या सुयांच्या डोक्यावरचा आकडा झिजलेला असेल, तर दुकानात भोकांची मोजपट्टी असते, तीत सुई घालून बघता येते. आम्ही त्याचे पैसे घेत नाही.

पहिली जोडी ८ नंबरची घ्या, २५ सेंटिमीटर लांबीची. लांब सुया नवीन हातांना जड होतात आणि सोफ्याच्या हातावर आपटत राहतात. अॅल्युमिनियमची चालेल, पण टाके फार सटकत असतील तर बांबूची घ्या. बांबू टाका धरून ठेवतो. गोल सुयांची, म्हणजे मधे वायर असलेल्यांची, घाई नको.

आता लोकर. आपण जिला सरसकट लोकर म्हणतो, तिच्यातली बरीचशी अॅक्रिलिक असते, मेंढीचा तिच्याशी संबंध नसतो. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं लेबलवर दिसतील, तिन्ही लुधियानाची. अॅक्रिलिक वाईट नाही. स्वस्त असतं, रोज धुता येतं, आणि शिकताना दहादा उसवलं तरी जीव हळहळत नाही. फक्त काय घेतोय ते माहीत हवं. लेबल हरवलेली गुंडी असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडता येते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो.

थ्री प्लाय, फोर प्लाय हे शब्द कानावर पडतील. प्लाय म्हणजे पदर, आणि पदर जास्त म्हणजे लोकर जाड असं दर वेळी नसतं. लेबलवर मीटर दिलेले असतील तर ते बघा: १०० ग्रॅममध्ये साधारण २०० ते २५० मीटर असेल तर ती ८ नंबरच्या सुईवर छान बसते. ४०० मीटरच्या आसपास असेल तर ती बारीक, तिला ११-१२ नंबर. रंग फिका घ्या. काळ्या, जांभळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत. मलाही ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. बदामी, पिस्ता, फिकट पिवळा, असं काहीतरी.

कधीकधी कोणी देशी लोकर मागतं. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर जाड आणि टोचरी असते. ती घोंगडीसाठी, आणि घोंगडी मागावर होते, सुयांवर नाही. बाळाच्या डोक्याला ती नको.

आणखी घ्यायचं ते थोडंच: बोथट टोकाची मोठी सुई, मापाची टेप, कात्री, आणि क्रोशाची एक सुई. क्रोशा येत नसला तरी घ्या, कशाला ते पुढे सांगते.

पहिली वस्तू: सुती रुमाल

जाडसर सुती दोरा, ८ नंबरच्या सुया, ३० टाके. साधारण १४ सेंटिमीटरचा चौकोन होतो, ओटा पुसायला किंवा चहाच्या भांड्याखाली ठेवायला. इथे दोरा सुतीच हवा. अॅक्रिलिकचा रुमाल गरम टोपाखाली ठेवलात तर तो टोपाला चिकटेल.

टाके घालायच्या सात-आठ पद्धती आहेत. आई, मावशी, व्हिडिओ, तिघंही वेगळी शिकवतील. मी नवीन माणसाला दोन सुयांची पद्धत शिकवते, कारण तिच्यात सुलट टाका आपोआप शिकून होतो.

सरकगाठ मारून ती डाव्या सुईवर घ्या. हा पहिला टाका. उजवी सुई या टाक्यात डावीकडून, पुढून मागे घाला, म्हणजे दोन सुयांची फुली होईल आणि उजवी सुई मागे राहील. गुंडीकडची लोकर उजव्या सुईच्या मागून नेऊन टोकावरून दोन सुयांच्या मधे उतरवा. आता उजवी सुई जरा मागे घेत, तिच्या टोकाने तो वेढा टाक्यातून पुढे ओढून काढा. उजव्या सुईवर एक नवा फास आला. तो डाव्या सुईवर चढवा. दोन टाके झाले. आता नव्या टाक्यात सुई घाला आणि तेच करत ३० पर्यंत जा. फास आवळू नका. टाका सुईवर सरकायला हवा. टाके घट्ट घालणारी मुलगी पहिल्याच ओळीला रडकुंडीला येते.

सुलट टाका म्हणजे हीच हालचाल, एका फरकाने. नवा फास डाव्या सुईवर परत चढवायचा नाही. तो उजवीवरच राहू द्यायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. दुकानात शिकवताना आम्ही चारच शब्द म्हणतो: आत, वेढा, बाहेर, सोड. पहिल्या दिवशी हे मोठ्याने म्हणा, घरचे हसले तरी म्हणा.

ओळ संपली की सुया हातांत बदला. विणकामाच्या भाषेत ओळीलाही सुईच म्हणतात, "दहा सुया सुलट" म्हणजे दहा ओळी सुलट. रुमाल सगळा सुलटच विणायचा. दोन्ही बाजूंना आडव्या लाटा दिसतील आणि कापड गुंडाळणार नाही. चौकोन पुरा झाला की नाही हे टेपने बघायची गरज नाही: एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या कडेला लावा. कड कडेला बसली की झाला.

टाके बंद करताना दोन टाके सुलट विणा, मग डाव्या सुईच्या टोकाने पहिला टाका दुसऱ्यावरून उचलून सुईबाहेर टाका. उजव्या सुईवर एक उरेल. आणखी एक विणा, परत तसंच. शेवटच्या टाक्यातून दोरा कापून ओढून घ्या. बंद करताना जवळजवळ सगळ्यांचा हात आवळतो, म्हणून शक्य असेल तर त्या एका ओळीपुरती उजव्या हातात दोन नंबरांनी जाड सुई घ्या.

पहिला रुमाल वेडावाकडा होणार. ओटा पुसायचाच आहे. दुसरा करा. तिसऱ्यापर्यंत हात एका लयीत येतो.

उलट टाका आणि वाचायला शिकणं

उलट टाक्यात लोकर पुढे असते. उजवी सुई टाक्यात उजवीकडून घालायची, म्हणजे ती डाव्या सुईच्या पुढे येते. टोकाभोवती वेढा, वेढा मागे ढकलायचा, जुना टाका सोडायचा. झालं. यात अवघड एवढंच, की लोकरीची जागा लक्षात राहत नाही: सुलटला मागे, उलटला पुढे.

एक ओळ सुलट, एक उलट, असं विणलं की स्वेटरसारखं गुळगुळीत कापड येतं. पण ते कडांनी गुंडाळतं, तो त्या विणीचा स्वभावच आहे, तुमची चूक नव्हे. म्हणून तर स्वेटरला बॉर्डर असते. बॉर्डर म्हणजे एकाच ओळीत एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटवर सुलट, उलटवर उलट. ती ताणली जाते आणि परत जागेवर येते. पुढच्या ओळीत सुलटवर उलट आणि उलटवर सुलट केलं तर दाणे दाणे उमटतात, त्याला साबुदाणा म्हणतात. बऱ्याच जणींना साबुदाणा बॉर्डर करताना चुकून सापडतो.

ते टाळायचं तर ओळीतला क्रम पाठ करू नका, टाका वाचा. सुईखाली बघा. टाका वेणीच्या पेडासारखा, दोन पाय खाली जुळलेले, असा दिसला तर तो तुमच्याकडून सुलट. त्याच्या गळ्याशी आडवा मणी दिसला तर उलट. एकदा हे दिसायला लागलं की फोन आला, दूध उतू गेलं, कोणी बेल वाजवली, काही फरक पडत नाही. सुई उचलायची, टाका बघायचा, पुढे जायचं. माझ्या मते विणकाम येतं की नाही याची खरी खूण हीच आहे. केबल, म्हणजे पिळाच्या वेण्यांची वीण, आणि जाळ्या नंतरच्या.

५३ टाके कुठून येतात

तीन जागा आहेत, जवळजवळ नेहमी याच.

एक, ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढलेली असते. त्यामुळे पहिला टाका वर खेचला जाऊन त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि एकाचे दोन दिसतात. तुम्ही दोन्ही विणता. ओळ सुरू करण्यापूर्वी लोकर खाली ओढून बघा, टाका एकच आहे ना.

दोन, बॉर्डर करताना लोकर सुयांच्या मधून न नेता सुईवरून नेली जाते. तिथे फुकटचा वेढा बसतो, आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. खाली भोक दिसलं तर कारण हेच.

तीन, सुई टाक्यात न शिरता लोकरीच्या पदरांच्या मधे शिरते आणि एक टाका दुभंगतो. फार टोकदार सुई आणि सैल पिळाची लोकर असली की हे जास्त होतं.

टाके कमी होत असतील तर टाका गळलेला आहे. घाबरून लोकर ओढू नका, गळलेला टाका शांत ठेवला तर लगेच फार खाली जात नाही. त्याला सेफ्टी पिन लावा, मग श्वास घ्या. गळलेल्या टाक्याच्या वर आडव्या दोऱ्यांची शिडी दिसेल. सुलट बाजू समोर घेऊन क्रोशाची सुई त्या टाक्यात घाला, शिडीची सगळ्यात खालची पायरी पकडून टाक्यातून ओढा, मग त्याच्या वरची, असं करत सुईपर्यंत चढा. क्रोशाची सुई घ्यायला लावली ती यासाठी. परवा एका मुलीचा १४ ओळी खाली गेलेला टाका असा वर आणला, तेव्हा तिने मोबाइल काढून शूटिंग केलं.

दर चार-पाच ओळींनी टाके मोजा. कंटाळा येतो, मलाही येतो.

बाळाची टोपी

आता खरी वस्तू. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला बसेल. ५० ग्रॅम मऊ बेबी अॅक्रिलिक पुरून उरते. सुया ८ आणि १० नंबर. माझा हात १० सेंटिमीटरला २२ टाके बसवतो. हिशेब त्यावर आहे.

१० नंबर सुईवर ७४ टाके घाला. एक सुलट एक उलट अशी बॉर्डर ३ सेंटिमीटर करा. आमच्या जुन्या गिऱ्हाईक आजी टेप घेत नाहीत, त्या बोटं मोजतात: बाळाला दोन बोटं बॉर्डर, मोठ्या माणसाला चार. मग ८ नंबरच्या सुया घ्या आणि एक ओळ सुलट, एक उलट, असं बॉर्डरसकट १० सेंटिमीटर होईपर्यंत विणत जा. शेवटची ओळ उलट हवी.

आता माथा. टाके कमी करायला "दोन एकत्र" करायचे, म्हणजे उजवी सुई एकाच वेळी दोन टाक्यांत घालून दोघांचा मिळून एक सुलट टाका विणायचा. पहिली ओळ: १ सुलट, मग (७ सुलट, २ एकत्र) असं आठ वेळा, शेवटी १ सुलट. ६६ टाके राहतील. पुढची ओळ सगळी उलट. त्यानंतरच्या सुलट ओळीत कंसात ७ च्या जागी ६, मग पुढच्या सुलट ओळीत ५, मग ४, असं उतरत जा. कडेचा एकेक टाका तसाच राहतो. दर सुलट ओळीत आठ टाके कमी होतात: ६६, ५८, ५०, ४२, ३४, २६, १८. आकडा जुळला नाही तर तिथेच थांबा, पुढे जाऊन तो आपोआप जुळत नाही. शेवटच्या सुलट ओळीत कडेचे दोन सोडून सगळे दोन-दोन एकत्र, म्हणजे १० उरतील. लोकर ३० सेंटिमीटर ठेवून कापा, बोथट सुईत ओवा, दहाही टाक्यांतून काढून सुई काढून घ्या आणि थैलीचं तोंड आवळतो तसं आवळा. त्याच दोऱ्याने मागची शिवण करा: दोन्ही कडा शेजारी ठेवून, कडेच्या टाक्याच्या आतली आडवी पायरी एकदा इकडची, एकदा तिकडची घ्यायची, आणि तीन-चार पायऱ्या झाल्या की दोरा हलके ओढायचा. शिवण आत नाहीशी होते. पहिल्यांदा हे बघताना मला जादू वाटली होती, आणि अजूनही गिऱ्हाइकासमोर तो दोरा ओढताना मी उगाच थोडी थांबते.

बाळाच्या वस्तूंचे दोन नियम मी मोडू देत नाही. गळ्याशी लांब बंद नकोत आणि सुटतील असे मणी-गोंडे नकोत. आणि मोज्यांना जाळीची वीण नको, कितीही गोड दिसली तरी. बाळाची बोटं त्या भोकांत अडकतात.

माझ्या सुयांवरची कुंची याच टोपीची मोठी बहीण. डोक्यावरून मागे पाठीपर्यंत उतरते, बाळंतविड्यात ती हवीच असं आमच्याकडच्या मोठ्या बायका म्हणतात. टोपी, मोजे, कुंची, दुपटं असा विडा पूर्वी आत्या-मावश्या वाटून विणायच्या. आता बहुतेक वेळा एकच मावशी उरलेली असते, ती आमच्याकडे येऊन अर्धा विडा तयार घेते आणि अर्धा विणते. कुंचीत नवीन एवढंच की डोक्याच्या भागाच्या कडेने टाके उचलून, म्हणजे विणलेल्या कडेतूनच नवे टाके सुईवर काढून, पाठीचा भाग खाली विणायचा. दोन टोप्या झाल्या की तुम्हालाही जमेल.

मोठ्या मापाआधी नमुना चौकोन

अण्णांच्या हाफ स्वेटरला मी अजून हात लावलेला नाही, पण त्याचा चौकोन विणून तयार आहे, कॅश काउंटरच्या खणात. मोठ्या माणसाची वस्तू करण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुईवर, १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. कडेचे मोजायचे नाहीत, ते खोटं बोलतात.

याने काय फरक पडतो ते आकड्यांत बघा. अण्णांची छाती ९४ सेंटिमीटर. आत शर्ट असणार, म्हणून ८ सेंटिमीटर सैल, एकूण १०२. म्हणजे पाठ ५१ आणि पुढा ५१. १० सेंटिमीटरला २२ टाके तर ५१ ला ११२, शिवणीचे दोन धरून ११४. आता समजा माझा हात सैल पडला आणि २२ ऐवजी २० च बसले. तेच टाके ५६ सेंटिमीटर भरतील, आणि स्वेटर ११२ चा होईल. दोन टाक्यांच्या फरकाने १० सेंटिमीटर! लग्नानंतर मी पहिला स्वेटर भावासाठी केला तो असाच झाला होता. चौकोन म्हणजे वेळ वाया, असं मला तेव्हा वाटायचं. भावाने तो एकदा घातला, माझ्यासमोर, आणि मग थंडी कमी आहे असं म्हणू लागला. तो निफाडला नोकरीला होता.

चौकोनात टाके कमी बसले तर एक नंबर बारीक सुई घ्या, जास्त बसले तर जाड. हात बदलायला जाऊ नका. मुद्दाम घट्ट विणायचं ठरवलं तर पहिल्या दहा ओळी घट्ट येतात आणि मालिका सुरू झाली की हात परत मूळपदावर.

मोठ्या वस्तूची लोकर एकदम घ्या. लेबलवर शेडच्या नंबरशेजारी लॉट नंबर असतो. शेड तीच आणि लॉट वेगळा असेल तर रंगात बारीक फरक असतो, दुकानाच्या दिव्यात तो दिसत नाही, उन्हात दिसतो. मी स्वतः, दुकानात बसून, गेल्या वर्षी हे विसरले. तपकिरी स्वेटरच्या पाठीत बरोबर मधोमध रेघ उमटली. अण्णांच्या स्वेटरला ३०० ग्रॅमचा अंदाज आहे, मी एकाच लॉटची ३५० बाजूला काढून ठेवली आहे. उरलेली न उघडलेली गुंडी लेबलसकट आणली तर बरेच दुकानदार परत घेतात, घेण्याआधी विचारून ठेवा. आणि वेगळे लॉट गळ्यात पडलेच, तर एक लॉट बॉर्डर आणि गळपट्टीला वापरा, किंवा दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा. मग डोळ्याला कळत नाही.

धुणं आणि ठेवणं

विणून झालेली वस्तू एकदा पाण्यातून काढा, टाके आपापल्या जागी बसतात. कोमट पाणी, लोकरीचा लिक्विड साबण किंवा रिठ्याचं पाणी. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं दोन्ही वर्ज्य, ती आक्रसून नमद्यासारखी होते आणि परत येत नाही. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सावलीत आडवं पसरा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने गुडघ्यापर्यंत येतो. अॅक्रिलिकला इस्त्री लावू नका, ते एकदा मऊ पडून लोळागोळा झालं की बॉर्डरची ताण कायमची जाते.

फेब्रुवारीत कपाटात ठेवताना स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. कसर मळलेल्या, घाम लागलेल्या लोकरीवर आधी जाते. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, पण त्याच्या शेजारी ठेवलेल्या आजीच्या शालीला लागते. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा, आणि बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत.

आणि पिशवीत पडलेला तो वीतभर मफलर? टाकून देऊ नका. उसवा, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, दोन ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवा. खऱ्या लोकरीची नागमोड बरीचशी जाते, अॅक्रिलिकची थोडी राहते, विणताना त्रास होत नाही. उरलेल्या गुंड्या धरून बाळाच्या दोन टोप्या सहज निघतील. मागच्या फेब्रुवारीतली मुलगी तेच करून गेली. तिची पहिली टोपी जरा डावीकडे कललेली आहे, ती भिंतीवर माझ्या टोप्यांच्या शेजारी टांगली आहे, आणि गिऱ्हाइकं आधी तिलाच हात लावून बघतात.